पांडाचा अंगठा आणि वाचनाचं सुख

१९७२ साली चीनहून पांडांची एक जोडी वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात आली. ती पाहायला लोकांची रीघ लागली. पांडा माणसासारखा बुडावर बसे, बांबूची काठी हातात धरी, अंगठा आणि बोटं यांच्या चिमटीतून ती ओढून पानं ओरबाडून टाकी आणि कोवळे कोंब खाई. बघणाऱ्यांना मौज वाटली. त्या बघणाऱ्यांत एक जीवाश्मतज्ज्ञ होता. त्याला मौज वाटलीच, पण एक प्रश्नही पडला. पांडा अस्वलाच्या कुळातला. अस्वलाचा अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत उभा असतो, तो बोटांसमोर येऊन पकड घेत नाही. मग याच्याकडे पकडणारा अंगठा आला कुठून? त्यानं पांडाची बोटं मोजली. अंगठा धरून ती सहा भरली.

हा माणूस म्हणजे स्टीफन जे गुल्ड. या सहाव्या बोटावर त्यानं लिहिलेला निबंध जगभर वाचला गेला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा स्वतःचं मनगट चाचपून पाहिलं होतं. निसर्गाविषयीचे असे निबंध वाचण्यात जे सुख मिळतं ते नेमकं कशाचं असतं, हे काही निबंधांच्याच आधारानं सांगायचा हा प्रयत्न आहे.

अंगठा नसलेला अंगठा

पांडाचा अंगठा मुळात बोट नाहीच. मनगटाजवळ अनेक प्राण्यांना एक इवलंसं हाड असतं. शरीरशास्त्रात अशा हाडांना ‘सेसामॉइड’ म्हणतात आणि हा शब्द तिळावरून आला आहे. तिळाएवढी हाडं म्हणून तिळाचं नाव. आपल्या गुडघ्याची वाटी याच जातीची, फक्त फार मोठी. पांडाच्या मनगटातलं हे तिळाचं हाड वाढत वाढत लांबलं, त्याला स्नायूंची जोड मिळाली आणि ते अंगठ्याचं काम करू लागलं. खरा अंगठा पाच बोटांत आपल्या जागीच राहिला.

गुल्ड इथं थांबला असता तर ती फक्त एक गमतीची माहिती झाली असती. त्याचा पुढचा प्रश्न असा: निसर्गात उत्क्रांती झाली हे आपल्याला कशावरून कळतं? आपण पटकन डोळा, पंख अशा अचूक अवयवांची नावं घेतो. पण अचूक वस्तू आपला भूतकाळ पुसून टाकते. दुकानातून आणलेली नवी चादर कुठून आली हे तिच्याकडे पाहून कळत नाही. आजीची गोधडी मात्र पाहताक्षणी बोलते. हा तुकडा आईच्या लुगड्याचा, हा आजोबांच्या सदऱ्याचा. पांडाचा अंगठा हा त्या गोधडीतला तुकडा आहे. कोऱ्या कागदावर कुणी पांडा आखला असता तर त्याला असं मनगटातलं हाड ओढूनताणून दिलं नसतं. हाताशी जे होतं त्यावर भागवलं गेलं, आणि ते भागवणंच इतिहासाचा पुरावा ठरलं.

याहून सुंदर तपशील पुढे येतो. पांडाच्या पायातलं तसंच हाड थोडं मोठं झालेलं आहे, आणि पायाला त्याचा काही उपयोग नाही. हाताचं हाड वाढवणारा बदल पायाच्या हाडालाही लागला असावा. उपयोगाचं एक आणि त्याच्या सोबतीनं आलेलं बिनकामाचं एक! हे वाचताना कुलपात किल्ली फिरल्यासारखं वाटतं.

गुल्डच्या मृत्यूनंतर या गोष्टीत भर पडली. चीनच्या युनान प्रांतात सापडलेल्या पांडाच्या एका पूर्वजाच्या जीवाश्मांवरचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. हा प्राणी ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्यालाही हा खोटा अंगठा होता. तो आजच्या पांडाच्या अंगठ्यापेक्षा लांब होता. आजचा आखूड आणि टोकाशी वळलेला आहे, कारण पांडा त्याच पंजावर चालतोही. लांब हाड चालताना पायाखाली आलं असतं. पकड आणि चाल यांच्यात तडजोड करून झालेलं हे हाड आहे.

‘हिस्टरी’ म्हणजे इथं काय?

‘नॅचरल हिस्टरी’ला आपण निसर्गेतिहास म्हणतो, आणि शब्द थोडा फसवतो. यात सनावळ्या नसतात. ‘हिस्टरी’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ शोध, चौकशी असा होता. म्हणजे ही निसर्गाची चौकशी. पक्षी, किडे, दगड, शिंपले, झाडं जशी आहेत तशी नीट पाहून नोंदवायची आणि मग ती तशी का आहेत हे विचारायचं. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी याच अर्थानं हे नाव बाळगते.

एकही अंक न चुकवणारा लेखक

गुल्ड १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. पाच वर्षांचा असताना वडिलांनी त्याला तिथल्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात नेलं. टायरानोसॉरसचा सांगाडा पाहून पोरगं घाबरलं आणि आपण हेच शिकायचं असं त्यानं ठरवलं. पुढे तो हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याचं खास संशोधन बहामा बेटांवरच्या गोगलगायींवर होतं.

त्याच संग्रहालयाच्या ‘नॅचरल हिस्टरी’ मासिकात त्यानं जानेवारी १९७४ पासून सदर लिहायला घेतलं. सदराचं नाव ‘धिस व्ह्यू ऑफ लाइफ’. हे शब्द डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मधल्या शेवटच्या वाक्यातले. जानेवारी २००१ मध्ये तीनशेवा निबंध लिहून त्यानं सदर थांबवलं. सत्तावीस वर्षांत एकही अंक चुकला नाही. मधे १९८२ साली त्याला पोटाच्या आवरणाचा दुर्मिळ कर्करोग झाला, तरीही नाही.

या आजारावरचा त्याचा निबंध विज्ञानाचं आणि जगण्याचं नातं दाखवणारा आहे. वैद्यकीय ग्रंथांत त्यानं वाचलं की या रोगात निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने असतो. दुसरा कुणी खचला असता. गुल्डला आकडेवारी येत होती. मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतर. या दुसऱ्या निम्म्यांपैकी काही कित्येक वर्षं जगतात, कारण आलेखाचं शेपूट उजवीकडे लांबवर पसरलेलं असतं. आपण तरुण आहोत, रोग लवकर कळला आहे, उपचार उत्तम मिळताहेत, म्हणजे आपण त्या शेपटात असण्याची शक्यता चांगली आहे, असा त्यानं हिशेब मांडला. तो आणखी वीस वर्षं जगला आणि २००२ साली वेगळ्याच कर्करोगानं गेला. मध्यक हा शब्द शाळेत पाठ केला होता, पण त्याचा अर्थ मला या निबंधानं शिकवला.

लिहिताना त्यानं एक पथ्य पाळलं. जड परिभाषा गाळायची, पण कल्पना पातळ करायची नाही. वाचक शास्त्रज्ञ नसला तरी बुद्धिमान आहे हे धरून चालायचं. हा मान वाचकाला पानोपानी जाणवतो, आणि माझ्या मते त्या सुखातला मोठा वाटा याच मानाचा आहे.

वर्षं मोजणारा बांबू

गुल्डचे निबंध बहुधा एखाद्या विक्षिप्त गोष्टीपासून सुरू होतात. त्याच्या पहिल्या संग्रहात बांबू आणि सिकाडा नावाच्या एका किड्यावरचा निबंध आहे. बांबूची एक चिनी जात दर १२० वर्षांनी फुलते. इसवी सन ९९९ मधल्या तिच्या फुलोऱ्याची नोंद चीनमध्ये आहे. ही जात पुढे जपानला गेली, नंतर इंग्लंड, रशिया, अमेरिका इथंही लावली गेली. १९६० च्या दशकाच्या शेवटी ती या साऱ्या देशांत जवळपास एकाच वेळी फुलली. माती वेगळी, हवा वेगळी, पण आतलं घड्याळ एकच.

अमेरिकेतला सिकाडा हा किडा जमिनीखाली पिल्लाच्या रूपात १३ किंवा १७ वर्षं काढतो आणि मग एकाच हंगामात लाखोंच्या संख्येनं वर येतो. २०२४ साली तेरा वर्षांचा एक थवा आणि सतरा वर्षांचा एक थवा एकाच वर्षी वर आले. याआधी हे दोन एकत्र आले होते ते १८०३ साली. मधली वर्षं २२१, म्हणजे बरोबर तेरा गुणिले सतरा.

कारण काय? एक कारण असं: बी किंवा किडे एकदम इतके द्यायचे की खाणाऱ्यांची पोटं फुटायची वेळ आली तरी काही उरावेत. दर वर्षी थोडं थोडं दिलं तर खाणारे सगळं फस्त करतात. मग १३ आणि १७ च का? या मूळ संख्या आहेत. दर पाच वर्षांनी वाढणारा एखादा भक्षक असेल तर पंधरा वर्षांच्या किड्याला तो दर खेपेला भेटेल. सतरा वर्षांच्या किड्याला भेटायला त्याला ८५ वर्षं लागतील. मूळ संख्यांचा हा दुसरा भाग तर्क आहे, सिद्ध झालेला नियम नाही. पण तर्क म्हणून तो किती देखणा आहे!

या निबंधाचं ऋण मला सह्याद्रीत कळलं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. डोंगराचे उतार जांभळे होतात, मधमाश्यांचा गजर चालतो, आणि बी धरून झाडं वाळून जातात. कुडाच्या भिंतींना कारवीच्या काठ्या वापरतात, त्यामुळे हे झुडूप डोंगरातल्या माणसाच्या रोजच्या ओळखीचं. फुलोरा मी आधीही पाहिला होता आणि हरखलो होतो. निबंध वाचल्यानंतर पाहिला तेव्हा मनात आलं, हिचं बी खाणारे कोण असतील? एवढी वर्षं ही कुणाला चुकवते आहे? डोंगर तोच होता. माझ्याकडे मात्र आता एक प्रश्न होता.

ईशान्येत हाच प्रकार भयंकर रूप घेतो. मिझोरममधला बांबू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो, बियांवर उंदीर माजतात, बी संपलं की भातावर तुटून पडतात. १९५९ च्या सुमारास असा दुष्काळ पडला, आणि त्याच्या निवारणासाठी उभी राहिलेली संघटना पुढे मिझो राष्ट्रीय आघाडी झाली. एका गवताच्या फुलण्याचा धागा राजकारणापर्यंत जातो.

गांडुळांपुढे वाजलेला पियानो

डार्विनचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर आहे. ते १८८१ साली आलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो वारला. जगाची समजूत उलटी करणाऱ्या माणसानं म्हातारपणी गांडुळं घेऊन बसावं, हा अनेकांना विरंगुळा वाटला. गुल्डनं एका निबंधात ही समजूत खोडून काढली आहे.

डार्विननं घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवली होती. त्यांना ऐकू येतं का हे पाहायला नातवानं शिटी वाजवली, मुलानं बॅसून हे वाद्य वाजवलं, पत्नी एमानं पियानो. गांडुळं ढिम्म. मग कुंडी पियानोवरच ठेवली आणि सूर छेडला, तशी ती बिळात पळाली. आवाज कळत नाही, कंप कळतो. अख्खं घर एका प्रयोगात गुंतलेलं आहे हे चित्र मला फार आवडतं.

पण खरा प्रयोग शेतात होता. १८४२ साली डार्विननं घराजवळच्या एका कुरणावर खडूचे तुकडे पसरले आणि वाट पाहिली. किती? एकोणतीस वर्षं. १८७१ साली चर खणला तेव्हा खडूची पांढरी रेघ सात इंच खाली दिसली. गांडुळांनी खालची माती खाऊन वर टाकली होती आणि खडू बुडाला होता. एका एकरात वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते असा हिशेब त्यानं केला. गुल्ड सांगतो की हा उत्क्रांतीचाच धडा आहे. डोळ्यांना न दिसणारं रोजचं थोडं थोडं काम, आणि पुरेसा काळ. शेतकऱ्याचा मित्र म्हणून गांडुळाची ओळख आपल्याला चौथीपासून असते. हे पुस्तक त्या ओळखीमागचा पुरावा आहे.

लेखक चुकतो तेव्हा

कॅनडाच्या डोंगरात बर्जेस शेल नावाचा खडक आहे. १९०९ साली तिथं सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या मऊ अंगाच्या प्राण्यांचे ठसे सापडले. त्यातल्या एका प्राण्याचं रूप इतकं स्वप्नवत होतं की १९७७ मध्ये सायमन कॉन्वे मॉरिस यांनी त्याला ‘हॅल्युसिजेनिया’ हे नाव दिलं. काट्यांच्या जोड्यांवर उभा, पाठीवर लवचिक नळ्यांची रांग. गुल्डनं १९८९ च्या ‘वंडरफुल लाइफ’ या पुस्तकात तो तसाच रंगवला आणि असा प्राणी नंतर कधी झालाच नाही या मुद्द्यासाठी वापरला.

दोनच वर्षांत चीनमधल्या जीवाश्मांवरून कळलं की प्राणी उलटा धरला होता. काटे पाठीवरचे, नळ्या म्हणजे पाय! गुल्डनं यावर स्वतंत्र निबंध लिहिला, चूक उघडपणे मांडली आणि ती का झाली याची चर्चा केली. २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. जे डोकं समजलं जात होतं तो कुजताना बाहेर आलेल्या द्रवाचा डाग होता, खरं डोकं दुसऱ्या टोकाला होतं. म्हणजे प्राणी खालचा वर तर होताच, पुढचा मागेही होता.

पाठ्यपुस्तकात शेवटचं उत्तर असतं. चांगल्या निबंधात उत्तरापर्यंतची वाट असते, फसलेल्या वळणांसकट. म्हणूनच मी पाठ्यपुस्तक विसरलो आणि हे निबंध विसरलो नाही.

खडू, उंदीर आणि हॉल्डेन

ही परंपरा गुल्डच्या आधीची आहे. १८६८ साली नॉर्विच शहरात जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलीनं कामगारांपुढे खडूच्या तुकड्यावर व्याख्यान दिलं. त्या शहराखाली खडूचाच थर आहे. विहीर खणली की लागतो. अटलांटिकच्या तळातून वर काढलेल्या गाळात सूक्ष्म जीवांची जी कवचं दिसत होती तशीच या खडूत होती. म्हणजे श्रोते ज्या जमिनीवर बसले होते ती एके काळी समुद्राचा तळ होती. आपल्या शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो, तो या गोष्टीतला नव्हे. पण आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा कातळ आज पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. वेरूळ त्यातच कोरलं, रायगड त्यावरच उभा राहिला. या कातळाच्या एका तुकड्यावर कुणीतरी मराठीत तसाच निबंध लिहावा.

जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचा १९२६ चा आकारावरचा निबंध आजही ताजा आहे. लांबी दसपट केली तर पृष्ठभाग शंभरपट होतो आणि वजन हजारपट. उंदराच्या वजनाच्या मानानं त्याचं अंग मोठं, म्हणून हवा त्याला तोलते आणि खोल खाणीत पडूनही तो उठून चालू लागतो. घोडा मात्र वाचत नाही. एवढ्या एका गणितातून हॉल्डेन किड्यांपासून हत्तीपर्यंत सगळ्यांचे आकार समजावतात. हे हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरमध्ये वारले.

आपल्याकडचं लेखन

मराठीत निसर्गावरचं लेखन समृद्ध आहे. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, मारुती चितमपल्लींची जंगलावरची पुस्तकं, व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’. पाहणं, ऐकणं, वासानं ओळखणं यांत हे लेखक कुणाला हार जाणार नाहीत. शास्त्राच्या बाजूनं पुण्याचं ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचं आहे. तरीही या दोन वाटा फारशा एकत्र येत नाहीत असं मला वाटतं. अनुभव सांगणारा ‘का’ विचारत नाही, आणि ‘का’ समजावणाऱ्याचे पाय रानात मळलेले नसतात.

माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळीवरची कादंबरी घ्या. टोळीवरच्या सत्तेचा संघर्ष त्यांनी असा लिहिला आहे की वाचताना छाती दडपते. सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेनं अबूच्या पहाडावर याच जातीच्या वानरांचा अभ्यास केला होता. टोळी जिंकलेला नर अंगावर पिणारी पिल्लं का मारतो, याचं तिनं दिलेलं स्पष्टीकरण १९७७ च्या पुस्तकात आहे: पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. एक काळीज हलवतं, दुसरं ते हलवणाऱ्या घटनेचा हिशेब मांडतं. दोन्ही एकाच निबंधात उतरवणारा मराठी लेखक मला हवा आहे.

वाचायचे कसे

एका बैठकीत एकच निबंध वाचावा. पाठोपाठ तीन वाचले की तिन्हींची चव जाते. अनोळखी प्राण्याचं नाव आलं तर त्याचं चित्र शोधून समोर ठेवावं, कारण या निबंधांत सारा खेळ आकारांचा असतो. गुल्डचे शेवटच्या काळातले निबंध लांबलेले आहेत, संदर्भांनी जड झालेले आहेत, नव्या वाचकानं तिथून सुरुवात करू नये. १९८० चा ‘द पांडाज थंब’ हा संग्रह घ्या. पहिलाच निबंध पांडाचा आहे. वाचून झाला की पुस्तक मिटा आणि घरातल्या एखाद्या लहान मुलाला तो गोष्टीसारखा सांगा, त्याचं मनगट हातात धरून.